एका संत्र्याएवढा वेळ

डिसेंबरात तेमा बंदरावर उत्तरेचा वारा उतरतो,
वाळवंट चाळून आणलेली धूळ
खिडकीच्या काचेवर, ओठांवर, हजेरीच्या वहीवर.
हरमाटन म्हणतात त्याला.
त्या दिवसांत कोकोच्या बिया आतून ठणठणीत कोरड्या होतात
आणि भट्टीवर चिकटवलेला तक्ता खोटं बोलू लागतो.

नी लान्ते तक्ता बघत नसे.
ड्रमच्या पत्र्याजवळ कान नेऊन उभा राही.
टरफलांची तडतड ओसरली की आच बंद,
झाकण तसंच,
आणि तो फाटकाबाहेर जाऊन एक संत्रं घेई.
ते संपवून तो आला की झाकण उघडायचं.
एवढंच.
एकवीस वर्षांत एकच घाणा करपला,
त्या दिवशी संत्रेवाली सुट्टे शोधत बसली होती.

तो निवृत्त व्हायच्या महिन्यात
विंटरथूरच्या मुख्यालयातून फॉर्म आला :
आपल्या शाखेतलं ज्ञान सर्वांना द्या.
चौदा रकाने.
मी, जिफा आग्बेको, रात्रपाळीची इंजिनियर,
दोन वाजेपर्यंत भरत बसले.
'आवाज' असा रकाना नव्हता,
तो 'इतर'मध्ये कोंबला.
कालावधीपुढे लिहिलं : एक संत्रं.

चौथ्या दिवशी झुम्श्टाइनसाहेबांचा ईमेल.
सभ्य माणूस, चार ओळींत तीनदा आभार.
संत्रं म्हणजे किती मिनिटं?
मी कळवलं, ते भुकेवर आहे, थोडं गप्पांवर.
मग त्यांनी (हे मला फार उशिरा कळलं)
टेबलावर रुमाल पसरून एक स्पॅनिश संत्रं सोललं,
पांढऱ्या शिरा एकेक काढल्या,
फोडी सुट्या केल्या, बिया वाटीत टाकत खाल्लं,
समोर घड्याळ लावून.
सहा मिनिटं चाळीस सेकंद.

आमच्याकडे संत्रं असं खात नाहीत.
बाई पात्याने हिरवी साल वरवर तासते,
टोक उडवून हातात देते,
आणि आपण ते दाबत, चोखत चालू लागतो.

तीन वर्षांनी ते ज्ञान घरी आलं.
गुळगुळीत अठ्ठावीस पानं, आठ भाषा,
मुखपृष्ठावर हसणारा कुणी, ज्याच्या नखांत कोको नव्हता.
पद्धत क्रमांक सत्तावीस.
आपलीच लेक परक्या आडनावाने दारात उभी
आणि मलाच सांगतेय, चूल कशी पेटवावी.
सहा चाळीस. बंधनकारक.
नी लान्तेचं नाव कुठेच नाही.
उगम : आफ्रिका विभाग.

आम्ही आज्ञाधारक.
पहिलाच घाणा कडूजहर.
अहवाल पाठवला, तर उत्तर आलं :
आपली शाखा पद्धतीपासून ढळली असावी,
प्रशिक्षण सुचवत आहोत.

मग एका सोमवारी मलेशियाहून, जोहोरच्या शाखेतून चार ओळी,
वर कुणालाच प्रत न पाठवता :
'ताई, मी अझलिना. सहा चाळीसला आमचं करपतं.
हे सहा चाळीस म्हणजे नक्की आहे तरी काय?'

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी.
अगं, ते एक संत्रं आहे.
चोखायचं, सोलायचं नाही.
आणि त्याआधी पत्र्याजवळ कान ने.

आठवड्याने तिचा निरोप :
'इथे संत्री महाग, रांबुतान घेतली.
एकात कच्चं राहतं. पाचांत जमलं.'

जानेवारीत झुम्श्टाइन स्वतः आले, तपासणीला.
मी त्यांना फाटकाबाहेर नेलं, संत्रं दिलं.
रस मनगटावरून बाहीत गेला.
संपल्यावर घड्याळ पाहिलं, गप्प झाले.
तेव्हाच रुमालाची, वाटीची गोष्ट सांगितली.
मग म्हणाले, माझे वडील आमच्या जुन्या भट्टीवर होते,
ती मोडीत काढली आम्ही.
ते म्हणायचे, एक पाइप ओढून होईपर्यंत.
पाइप केवढा, ते कुणी विचारलंच नाही.

धूळ उडत होती. त्यांनी खिशातून पेन काढलं :
हे कुठल्या रकान्यात घालू?

मी म्हटलं, चला आधी,
झाकण उघडायचं आहे.